मागच्या सीटचा रस्ता

काष्टीला काकासाहेबांची गाडी बघायला सत्यशीला रविवारी सकाळी पोचली ती नवऱ्याला घेऊनच. गाडी घ्यायची होती त्याच्यासाठीच, रामहरीसाठी. मागच्या सीटवर तो नीट आडवा होतो की नाही, हे त्याला आडवं केल्याशिवाय कळणार नव्हतं.

सत्यशीला मिरजगावच्या शाळेत गणित शिकवायची. रामहरीच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन दीड वर्ष झालं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी नगरला डायलिसिस; जायला साठ किलोमीटर, यायला साठ. आजवर चुलतदिराची जीप होती, ती तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात घेऊन गेला. परवाच्या शुक्रवारी दोघं एसटीनं गेली. येताना रामहरी गर्दीत उभ्याउभ्या तिच्या अंगावर कोसळला. घरी आल्यावर म्हणाला, आता मला नेऊ नकोस. नेलं नाही तर काय होईल हे दोघांनाही ठाऊक होतं. मंगळवार दोन दिवसांवर आला होता, आणि तिच्या ऐपतीतली, लगेच मिळणारी गाडी चार तालुक्यांत विचारूनही ही एकच निघाली.

कडुलिंबाखाली उभी होती. पांढरी, नऊ वर्षांची, डिझेलची. मागच्या सीटवर धुतलेली चादर, तिला साबणाचा वास. मीटरवर चार लाख अठरा हजार दोनशे सहा.

काकासाहेब साठीचे, हातचं राखून बोलणारे. त्यांनी सांगितलं की गाडी दुसरीकडं कुठंच नेली नाही. फक्त बायकोला, लंकाबाईला, श्रीगोंद्याच्या दवाखान्यात न्यायची आणि आणायची. सत्यशीलेनं मनातल्या मनात गुणाकार केला. नऊ वर्षं रोज गेले असते तरी आकडा लाखाला लागत नव्हता. तिनं तसं बोलून दाखवलं.

काकासाहेब म्हणाले, "लोक मीटर मागं फिरवत्यात, बाई. पुढं कोन फिरवील?"

टाकी त्यांनी सकाळीच भरून ठेवली होती. चालवून बघा म्हणाले, पण स्वतः गाडीत बसले नाहीत. रामहरी मागं आडवा झाला आणि लगेच झोपला. सत्यशीलेनं गाडी पेट्रोल पंपापर्यंत नेली आणि वळवून आणली. रस्त्याकडेचे दगड तिनं सवयीनं मोजले. जाताना सात, येताना सात. इंजिनचा आवाज एकसारखा होता, ब्रेक लागत होते. एवढ्यावर तिचं मन बसलं.

कडुलिंबाखाली गाडी उभी केली तेव्हा तिचं लक्ष मीटरकडं गेलं. चार लाख अठरा हजार पाचशे सतरा.

डिझेलचा काटा निम्म्याखाली आला होता. बॉनेटवर हात ठेवला, तो तिला झटकन काढून घ्यावा लागला. पुढच्या काचेवर काही नव्हतं. मागच्या काचेवर मात्र तांबड्या मातीचा जाड थर होता. तिकडं सगळी जमीन काळी.

रामहरी कोणाचा हात न धरता उतरला. कित्येक महिन्यांनी त्याच्या डोळ्यांखालची सूज उतरली होती.

"लई लांब गेल्तो आपन," तो म्हणाला.

"पंपापर्यंत," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडं जरा चेष्टेनं बघितलं. घाट लागला, मग उतार, मग चिंचेखाली एका बाईनं गाडीशी येऊन त्याला पाणी दिलं, असं तो सांगत राहिला. डॉक्टरांनी त्याला दिवसाचं पाणी मोजून दिलेलं होतं. घोट जास्त झाला की सूज चढायची.

"किती प्यालात?"

"तांब्याभर. लई गोड हुतं."

झोपेत स्वप्न पडलं असेल. मीटर बिघडलं असेल, डिझेल गळत असेल. तिनं वाकून गाडीखाली बघितलं. जमीन कोरडी होती. मग तिनं काकासाहेबांना बाजूला घेतलं आणि लंकाबाई आता कशा आहेत म्हणून विचारलं.

"बरी झाली," ते म्हणाले. "पार बरी झाली. पन घरी आली न्हाई."

मग गाडीच्या मागच्या दाराकडं बोट करून म्हणाले, "तुमी त्यास्नी पुढं बसवा. तुमच्या शेजारी. मागं न्हाई."

सत्यशीला काकासाहेबांच्या घराच्या ओट्यावर बसून राहिली. ही गाडी घेणं शहाणपणाचं नाही, हे तिला कळत होतं. पण दुसरी गाडी नव्हती, आणि एसटीतलं ते ओझं अजून तिच्या खांद्यावर होतं. संध्याकाळच्या आत व्यवहार झाला.

पाच आठवडे तिनं त्याला पुढंच बसवलं, पट्टा लावून. मीटर अगदी सरळ चालायचं. एका खेपेला एकशे वीस, ना एक कमी ना एक जास्त. मिस्त्रीलाही त्यात दोष सापडला नाही. रामहरीची सूज मात्र पुन्हा चढली. पायावर बोट टेकवलं तर खड्डा पडून तसाच राहायचा. गाडी सुरू झाली की तो मान वळवून मागच्या सीटकडं बघत बसायचा. "मला मागं बसू दे," म्हणायचा. हट्ट नसायचा त्यात. तहानलेलं माणूस मागतं तसं मागायचा. ती रस्त्यावरची नजर काढायची नाही.

सहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी त्याला श्वास पुरेना. मिरजगाव मागं पडलं आणि तो पट्ट्यात घुसमटायला लागला, ओठ निळे पडले. बसवत नव्हतं. त्याला आडवं करायलाच हवं होतं, आणि आडवं करायला जागा एकच होती.

तिनं गाडी कडेला घेतली. त्याला मागं झोपवलं. दार लावलं, पुन्हा उघडून बघितलं, पुन्हा लावलं.

आरसा वळवून तिनं त्याच्या चेहऱ्यावर नेमका धरला.

"बोलत राहा माझ्याशी," ती म्हणाली.

"बोलतो की."

घोगरगाव गेलं. तो आरशात होता. तिनं गाडी कुठं थांबवली नाही. फाटकाशी नाही, टोलपाशी नाही.

रुईछत्तिशी गेलं. तो आरशात होता. ओठांचा निळा रंग गेला होता.

"ऐकताय ना?"

"व्हय."

तिनं विसाचा पाढा म्हणायला सुरुवात केली, तोही मागून म्हणायला लागला. मग एकविसाचा. मग बाविसाचा. त्याला बाविसाचा येत होता हे तिला माहीत नव्हतं.

मीटरकडं तिनं बघितलं नाही.

दवाखान्याच्या दारात तिनं हँडब्रेक ओढला. पळत जाऊन मागचं दार उघडलं.

रामहरी आत होता.

दाराला धरून ती रडली. तो उतरला, तिचं रडणं थांबेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढून आत गेला.

नेहमीची सिस्टर रजेवर होती. नवीन पोरगी होती. तिनं त्याला खाटेवर घेतलं, डाव्या हाताची बाही वर सारली आणि सुई घेऊन थांबली. दीड वर्ष सुया टोचून तिथली शीर दोरखंडासारखी फुगली होती; सत्यशीला रोज तिला तेल लावायची. आता मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत होती. डाग नाही, टाक्याची खूण नाही. सिस्टरनं उजवा हात बघितला. तोही तसाच.

"यांचं पहिल्यांदाच आहे का?" तिनं विचारलं.

सत्यशीलेनं पुढं होऊन तो हात बोटांनी चाचपून बघितला.

"व्हय, पहिल्यांदाच," तो अदबीनं म्हणाला आणि सत्यशीलेकडं मान हलवून हसला. "ह्या बाईंनी वाटंत गाडी थांबवून मला घेतलं, म्हून पोचलो."