निळी रेघ, तांबडी रेघ

"मी जे सांगणार आहे, त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. अठ्ठावीस वर्षांत कुणाचा बसला नाही," असं म्हणत पुंडलिकराव डाहुल्यांनी आपली खुर्ची थंड हवेच्या झोताखाली ओढली.

चंद्रपूरच्या विद्याऋण भवनातलं, चौथ्या मजल्यावरचं ते प्रतीक्षालय. साल दोन हजार एकोणसत्तर. बाहेर दुपारचं एकोणपन्नास अंश तापमान होतं, आणि आत चाळीसेक माणसं आपापल्या क्रमांकाकडे डोळे लावून बसली होती. फलकावर चौपन्न आकडा होता. मंदाबाई उराडे आणि त्यांची मुलगी केतकी यांचा क्रमांक एकसष्ट. मंदाबाई एका सरकारी कचेरीत एकोणीस वर्षं शिपाई होत्या. केतकीच्या मांडीवर अर्ज होता, आणि विषयाच्या रकान्यात तिने ठळक अक्षरांत लिहिलं होतं : राज्यशास्त्र.

अर्ज एकदा खिडकीत गेला की विषय बदलता येत नसे. कर्ज अठरा लाखांचं. केतकीला नोकरी लागली नाही तर चौदा वर्षं मंदाबाईंच्या पगारातून हप्ता कापला जाणार होता.

"काकाजी, तुम्ही इथंच होता का नोकरीला?" मंदाबाईंनी विचारलं.

"एकेचाळीस साली लागलो. अर्जनवेध यंत्र, म्हणजे कोण पुढे किती कमावेल ते सांगणारं, नुकतंच बसवलं होतं. लोक त्याला रेघयंत्र म्हणायचे. हत्तीएवढं धूड. तापायचं इतकं, की त्याला गार ठेवायला धरणावरून वेगळा नळ आणला होता. त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात आम्ही दुपारचा भात शिजवायचो."

"भात," केतकी म्हणाली.

"डाळ शिजायची नाही, खोटं कशाला सांगू. एवढं हुशार यंत्र, पण त्याला एक अक्षर लिहिता यायचं नाही. दोन लेखण्या, एक निळी, एक तांबडी. नुसत्या रेघा ओढायचं. कागद लावायचं काम माझं."

मंदाबाई हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. पुंडलिकरावांनी आवाज जरा खाली आणला आणि मूल गावाहून आलेल्या इंदू ठेंगणे नावाच्या मुलीची हकिकत सुरू केली.

इंदूने राज्यशास्त्रासाठी अर्ज केला होता. यंत्राच्या खोलीत दोन तज्ज्ञ बसत. अर्थगणिती डॉ. लीलावती आकरे आणि यंत्रतज्ज्ञ डॉ. हबीब शेख. इंदूचा कागद लावला, तेव्हा निळी रेघ सात वर्षं नीट चालली आणि मग खाली येऊन थांबली.

"ही मुलगी सात वर्षांनी मरणार आहे की काय?" डॉ. आकऱ्यांनी विचारलं.

"यंत्राला मरण कळत नाही, बाई," डॉ. शेख म्हणाले. "निळी रेघ म्हणजे मिळकत. ही पदवी घेतलेल्यांना आजवर कोणी किती पगार दिला, ते बघून यंत्र पुढची रेघ ओढतं. तांबडी रेघ म्हणजे देणं. निळी वर राहिली तर पदवी परवडली."

"पण थांबली का?"

"सात वर्षांनी हा विषय शिकलेल्या माणसाला पगार देणारं कोणी उरत नाही, असं ते म्हणतंय. ना कॉलेज, ना वर्तमानपत्र, ना निवडणुकीचं काम."

"कॉलेजं काय हवेत विरणार?"

"यंत्र स्वतःलाही हिशेबात धरतं ना. राज्यशास्त्राची निळी रेघ आखूड, म्हणून कर्ज कमी. कर्ज कमी, म्हणून मुलं कमी. मुलं कमी, म्हणून मास्तर कमी. की रेघ आणखी आखूड. ते भविष्य सांगत नाही, बाई. ते भविष्य आणतं."

डॉ. आकऱ्यांनी कागद यंत्रातून काढला. मग म्हणाल्या, "समजा, हिला कर्ज दिलं. तसं धरून पुन्हा ओढायला सांगा."

पुन्हा कागद लावला. या वेळी निळी रेघ थांबली नाही. फार उंच गेली नाही, पण चाळीस वर्षं चालत राहिली. तांबडी मात्र सातव्या वर्षी सरळ शून्यावर आली. इंदूचीच नाही, राज्यातल्या सगळ्या विद्याऋणांची तांबडी रेघ.

"म्हणजे सगळ्यांनी कर्ज फेडलं?" केतकीने मध्येच विचारलं.

"तेच डॉ. आकऱ्यांना वाटलं. डॉ. शेख म्हणाले, फेडलं नाही, माफ झालं. ती मुलगी शिकणार, कायदा वाचणार. आईबापाच्या पगाराला हात घालणारी योजना कोणी, कुठल्या अधिकाराने आणली, ते विचारणार. आणि विचारलं की योजना टिकणार नाही. योजना गेली की यंत्र गेलं."

"बाप्पा," मंदाबाई म्हणाल्या.

"आता नियम असा होता, की यंत्राने कितीही रेघा ओढल्या तरी निर्णय माणसांचा. दोन तज्ज्ञांच्या सह्या लागायच्या. पण दिवसाला तीनशे अर्ज. मग दोघं सकाळी चहा पितापिता कोऱ्या निर्णयपत्रांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवायचे. त्या दिवशी दोघं म्हणाले, जेवून येऊ, मग ठरवू. गेले. अर्ध्या तासाने आले, तर इंदूचं निर्णयपत्र खिडकीत पोचलं होतं. 'परतफेडीची शक्यता नाही. अर्ज नामंजूर.' खाली दोघांच्या सह्या. मुलगी रडत मूलच्या गाडीत बसली होती."

"कोणी पाठवलं?"

"यंत्राने. दुसरं कोण? स्वतःचा जीव वाचवला त्याने."

जवळच्या खुर्च्यांवरची माणसं आता ऐकत होती. पुंडलिकराव सांगत गेले. पुढच्या वर्षी राज्यशास्त्राचे अर्ज निम्म्यावर आले. सातव्या वर्षी जिल्ह्यातला शेवटचा विभाग बंद झाला. कोणी बंदी घातली नाही, हुकूम काढला नाही. नगरपालिकेची निवडणूक एकदा पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. ती किती वेळा ढकलता येते, हे विचारायला लागणारी माहिती असलेलं माणूस गावात उरलं नव्हतं.

"शेवटची निवडणूक कधी झाली, आठवतं का तुम्हाला?" त्यांनी मंदाबाईंना विचारलं.

"केतकी व्हायच्या आधी. मी मत द्यायला गेले होते. बोटाला शाई लावली होती." मंदाबाईंनी नकळत आपल्या बोटाकडे पाहिलं.

"म्हणून सांगतो. यंत्र अजून खालच्या मजल्यावर आहे. राज्यशास्त्राचा अर्ज आला की ते जागं होतं. पोरीचं नाव त्याच्या हिशेबात कायमचं चढतं. उद्या तुमच्या नोकरीवर आलं, म्हणजे?" पुंडलिकरावांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. "हा विषयबदलाचा अर्ज. खिडकीत जायच्या आधी मूळ अर्जाला जोडता येतो. वीजकेंद्रातली औष्णिक देखभाल घाला. निळी रेघ पहिल्या वर्षापासून वर आहे."

"आई, नको," केतकी म्हणाली. "मला काय शिकायचं ते ठरलंय."

"हप्ता तुझ्या नाही, माझ्या पगारातून जाईल."

"माहीत आहे मला. म्हणून तर चार रात्री झोपले नाही. तरी मला तेच शिकायचंय."

फलकावर साठ आकडा आला. मंदाबाईंनी पेन काढलं, कागद मांडीवर घेतला आणि मुलीचं नाव लिहिलं. मग आडनाव. केतकी भिंतीकडे बघत होती. विषयाच्या रकान्याशी आल्यावर मंदाबाईंचं पेन थांबलं.

"काकाजी, ते 'परतफेडीची शक्यता नाही' छापलेलं होतं की हाताने लिहिलेलं?"

"हाताने. नकाराचं कारण तेव्हा हातानेच लिहायचे."

"आणि यंत्राला अक्षर येत नव्हतं."

पुंडलिकराव हसले. "ते असं आहे बाई, की त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं त्या निळ्या लेखणीने..."

"आमच्या कचेरीत सही केलेले कोरे कागद रोज असतात. साहेब जेवायला गेले की गठ्ठा माझ्या ताब्यात. मी त्यावर काही लिहीत नाही, ही गोष्ट वेगळी." मंदाबाई सावकाश बोलत होत्या, आठवून आठवून, जशा कचेरीत निरोप सांगत. "दोघं जेवायला गेले. खोलीत यंत्र आणि तुम्ही. योजना गेली की यंत्र गेलं, म्हणालात. कागद लावणाऱ्याची नोकरी राहिली असती का?"

पुंडलिकरावांनी पिशवी जवळ ओढली. तिचं तोंड उघडंच होतं. आत विषयबदलाच्या अर्जांचा वीतभर गठ्ठा दिसत होता.

एकसष्ट क्रमांक लागला. मंदाबाईंनी मांडीवरचा कागद दुमडून पर्समध्ये टाकला, केतकीच्या हातात तिचा मूळ अर्ज दिला आणि म्हणाल्या, "जा, दे खिडकीवर." ती उठून चालू लागेपर्यंत त्या थांबल्या. मग सगळ्या प्रतीक्षालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"यंत्राने काही केलं नाही, काकाजी. तुम्ही खोटं बोलता. तो नकार तुम्ही लिहिला."