भंडारा लावलेली लाल गाडी

"तो डायनामो खाली ठेवा!"

मी एवढ्या जोरात ओरडले, की भंगारवाल्याच्या बशीतला चहा सांडला. सांगलीच्या जुन्या बाजारात सकाळपासून मी गंजक्या लोखंडाचे ढीग उपसत होते. केसांत जळमटं, कोपरापर्यंत काळं तेल... आणि जी वस्तू मला हवी होती, ती एका उंच, सावळ्या पोराच्या काखेत!

तो सावकाश वळला. "का वो? तुमचं नाव हाय काय ह्याच्यावर?"

"माझ्या गाडीला हवाय तो. तुम्हाला कशाला?"

"आतली तार काढायला. मोटारी रिवायंडिंग करतो मी. तांबं चांगलं हाय ह्यात."

"तांबं?" माझा तिळपापड झाला. "जुन्या विलायती गाडीचा डायनामो आहे तो, आणि तुम्ही फोडणार? काळीज आहे का नाही तुम्हाला?"

"हाय की," तो म्हणाला आणि हसला. "पर गाडी बघितल्याशिवाय देणार न्हाई."

आता असल्या माणसाला काय म्हणायचं? मी पत्ता दिला. निव्वळ डायनामोसाठी बरं का!

त्याचं नाव बिरुदेव. घर वडूजच्या बाजूला. थोरला भाऊ अजून मेंढरं राखतो, आणि हा सांगलीत शेतकऱ्यांच्या जळलेल्या पाणमोटारी जिवंत करतो. मी शिवांजली, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेली, कराडजवळच्या कृष्णाकाठची. आमच्या घरात दोनच विषय, ऊस आणि मिलिटरी. वडील रिटायर्ड सुभेदार उदयसिंह. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो आणि घाबरतो.

गाडी मात्र आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. तरुणपणी ते कोयनानगरला धरणाच्या कामावर ड्रायव्हर होते. तिथला एक परदेशी इंजिनियर मायदेशी निघाला आणि आपली दोन सीटांची, उघड्या टपाची लाल गाडी आबांच्या गळ्यात घालून गेला. आबांनी ती घाटातून वाऱ्यासारखी पळवली म्हणे! मग एकदा ती बंद पडली ती पडलीच. मी जन्मले तेव्हापासून ती ट्रॉलीच्या शेडमध्ये उसाच्या पाचटाखाली झोपलेली.

पहिल्या रविवारी बिरू डायनामो घेऊन आला तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर आमची कोंबडी बसली होती.

"चालवती कोण? ही?" त्यानं विचारलं.

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. हसले.

पण आप्पा हसले नाहीत. त्यांनी पुण्याच्या एका गाड्यांच्या व्यापाऱ्याला ती विकायचा शब्द दिला होता. मी भांड-भांड भांडले, तेव्हा कुठे त्यांनी मुदत दिली. "दसऱ्याला सोनं लुटायला ही गाडी आपल्या पायानं शीव ओलांडून गेली, तर शेड तुझी. काढ गॅरेज. न्हाई गेली, तर गाडी ट्रकात आणि तू पुण्याला, कंपनीत. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.  गॅरेज हे माझं शाळेपासूनचं वेड, आणि ही माझी पहिली गाडी. ही हरले असते तर आप्पांपुढे पुन्हा तोंड उघडायची सोय नव्हती.

मग काय विचारता! बिरू दर रविवारी यायला लागला. इंजिन गच्च धरलेलं. आम्ही सिलिंडरांत डिझेल ओतून भिजत ठेवलं, आणि मग गाडी गिअरमध्ये टाकून मागं-पुढं, मागं-पुढं ढकलत राहिलो. ती हलेना. मी वैतागून चाकाला लाथ मारली. "रागानं न्हाई गं हलत ती," तो म्हणाला, "गोडीगुलाबीनं घे." पुढच्याच धक्क्याला आतून कट् झालं आणि गाडी पुढं सरकली! मी आनंदानं उडी मारली ती थेट त्याच्या पायावर. तो कळवळला, पण माझा हात काही त्यानं सोडला नाही. मीही काढून घेतला नाही... विसरले असेन.

आणि "तुम्ही"चं "तू" कधी झालं, हेही माझ्या लक्षात राहिलं नाही. पेट्रोलची टाकी आतून गंजलेली. शेजारी स्लॅबचं काम चालू होतं. बिरूनं टाकीत बारीक खडी भरली आणि टाकी काँक्रीट मिक्सरच्या ड्रममध्ये बांधून गरागरा फिरवली. अख्खी आळी जमली बघायला. टाकी निघाली चकचकीत, आणि आम्ही दोघं सिमेंटनं पांढरेफटक.

"लगनात हळद लावत्यात, आपुन सिमेंट लावलं," तो हळूच म्हणाला.

"कुणाच्या लग्नात?"

"आसंच... जगाच्या." आणि टाकी उचलून पसार!

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी पहिल्यांदा बोलली. हँडल मारलं, धूर निघाला, खोकली, आणि मग काय सूर लागला म्हणून सांगू! ओसरीवर बसलेले आबा काठी टेकत उठले. त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. "तीच हाय," ते म्हणाले, "कुंभार्ली घाटात आशीच गायची." त्यांचे डोळे भरले, माझेही. बिरू तर आधीच तोंड फिरवून उभा होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे हत्यारांची पूजा म्हणजे आप्पांची परेडच. माझे सगळे पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर पाटावर ओळीनं लागले. हत्यार एकदा पुजलं, की दसऱ्याला शीव ओलांडून येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आरतीआधी मी ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं काळं टोपण काढून पुसत होते, तोच आप्पांची हाक आली आणि मी तशीच आत पळाले. आरती उरकून आले, तर इंजिन पिवळंधमक! बिरूच्या आईनं आरेवाडीच्या बिरोबाचा भंडारा पाठवला होता. पठ्ठ्यानं बॉनेट उघडून मूठभर उधळला होता.

"चांगभलं!" तो खुशीत म्हणाला. मलाही गोडच वाटलं. कपाळाला लावून घेतला मी.

दसऱ्याची संध्याकाळ. गाव नव्या कपड्यांत वेशीकडं निघालेलं. व्यापाऱ्याचा ट्रक देवळापाशी येऊन उभा. आभाळ भरून आलेलं. मी हँडल मारलं.

काही नाही.

पुन्हा मारलं. बिरूनं मारलं. साधा खोकलासुद्धा नाही. ट्रकवाला खाली उतरून फळी सोडायला लागला. आप्पा नुसते घड्याळाकडं बघत राहिले, आणि मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"परवा तर चालली हुती..." बिरू पुटपुटला आणि घाम पुसायला त्यानं कपाळावरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"बिरू! काल भंडारा उधळलास, तेव्हा ते काळं टोपण कुठं होतं?"

"बाजूला पडलं हुतं. इंजिनात धूळ जाईल म्हणून मीच नीट लावलं मागनं..." बोलता बोलता त्याचा चेहरा पांढरा पडला. "आत गेला व्हय भंडारा?"

मी टोपणाचे दोन्ही चिमटे बोटांनी सोडले. आतल्या दोन बारीक टिकल्या—त्या एकमेकींना भिडतात नि सुटतात, तेव्हा ठिणगी पडते—अगदी हळदीच्या अंगानं बसलेल्या! ठिणगी येणार कुठून?

"चुकलो मी," तो म्हणाला. आवाज पार खोल गेला होता. "तुझी गाडी... मीच घालवली गं."

"गप. रडतोस काय? पुसायला काहीतरी दे. पातळ, ताठ."

स्क्रूड्रायव्हर पाटावर, पॉलिश पेपर पेटीत, पेटीला हार. आप्पा पुढं आले. "हत्याराला हात लावायचा न्हाई, शिवा."

"हात कुठं लावतेय? आणि हँडल? ते तर मारावंच लागणार."

आप्पांनी विचार केला. सुभेदारी विचार होता तो. "हँडल हत्यार न्हाई. गाडीचा आवयव हाय."

बिरूनं शर्टाचे खिसे चाचपले, मग थबकला. वरच्या खिशातून त्यानं अगदी जपून एक आपट्याचं पान काढलं. जाड, कोरडं, कडेनं दुमडलेलं.

"सोनं? आत्ताच?" मी विचारलं. "शीव ओलांडायच्या आधी?"

"सकाळीच तोडून ठेवलंय." त्याचे कान लाल झाले. "सगळ्यांच्या आधी तुला द्यायचं म्हणून..."

अख्खं गाव बघत होतं. मी नखानं त्या टिकल्या फाकवल्या, त्यानं माझ्या हातावर हात धरून पान मधून सरकवलं. एकदा, दोनदा... हिरव्या पानावर पिवळी रेघ उठली, मग काळी, मग काहीच नाही. इतक्या जवळून त्याचा श्वास ऐकू येत होता.  

टोपण लावलं. हँडल मारलं.

आणि गाडीनं अशी आरोळी ठोकली, की ट्रकवाल्याच्या हातातली फळी सुटली! पोरं किंचाळली. आबांनी काठी हवेत फिरवली. "बसा आबा!" मी ओरडले.

"मी कशाला? मला आवाज आला, बास." मग त्यांनी काठीनं बिरूला ढोसलं. "बस रं तू!"

बिरूनं आप्पांकडं बघितलं. आप्पा ट्रककडं बघत होते. तो बसला.

वेस गेली, ओढा गेला, शिवेवरचा दगड मागं पडला. आणि तिथंच परतीचा पाऊस कोसळला. गाडीला टप कुठला? आम्ही चिंब. मी हसत होते, रडत होते, हॉर्न वाजवत होते.

"शिवा," तो म्हणाला, "सोनं दिल्यावर काय म्हणत्यात?"

"सोन्यासारखं राहा."

"व्हय. पर कुठं, ते कुणी सांगत न्हाई."

मी गाडी थांबवली. "तूच सांग ना मग."

"माझ्यापाशी..." तो म्हणाला. कपाळावरचा भंडारा पावसानं त्याच्या नाकापर्यंत ओघळला होता. "मला तू लय आवडतीस. डायनामोसाठी भांडलीस ना, तवापास्नं."

"एवढा वेळ लावलास?" मी म्हणाले. "मला वाटलं मीच विचारते का काय!" आणि माझ्या तळहातानं मी त्याच्या नाकावरचा भंडारा पुसला. सगळा माझ्या गालाला लागला, कसा ते विचारू नका.

परत आलो तेव्हा ट्रक गेला होता. आप्पा छत्री धरून वेशीत उभे. मी उतरले. त्यांनी खिशातून शेडची चावी काढून माझ्या ओल्या हातात ठेवली.

मग त्यांनी माझ्या गालाकडं बघितलं. बिरूच्या नाकाकडं बघितलं. मिशीवरून हात फिरवला.

"एकच चावी हाय," ते म्हणाले. "उद्या सांगलीला जाऊन दुसरी करून आण. ह्याला लागंल."