गरम इंजिन, गार चोक

मोबाइल ठेवा बाजूला. आणि मध्येच उठायचं नाही.

हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय. जुन्या गाड्यांचा मेकॅनिक. भुताखेतांचं नाव काढलं की पोट धरून हसणारा माणूस.

गेल्या जानेवारीतला शेवटचा शनिवार. एका बाईंची जुनी गाडी त्याच्याकडे आली होती. यजमान वारल्यापासून शेडमध्येच उभी. मुलगा म्हणाला, "काका, चोक दुरुस्त करा आणि आज रात्रीच गिऱ्हाइकाकडे पोचवा. ते पहाटे परगावी निघतायत. विकतोय हे आईला सांगितलंय मी."

ऑटोमॅटिक चोक म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडावरची झडप. इंजिन गार असताना मिटलेली असते. ते तापलं की शेजारच्या गोल डबीतली स्प्रिंग सैलावते आणि झडप उघडते. या गाडीची मात्र गरम इंजिनावरही मिटायची. मग पेट्रोल जास्त, हवा कमी, काळा धूर, की गाडी ठप्प.

साडूनं स्प्रिंग बदलली, झडपेचा दांडा साफ केला, इंजिन चांगलं तापवलं. झडप सताड उघडी. "झालं काम," म्हणाला आणि साडेदहाला निघाला.

वस्ती संपली. रोपवाटिकेच्या कुंपणापाशी गाडीनं आचके दिले. मागे काळा धूर. बंद.

त्यानं बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढला, टॉर्च मारला. झडप मिटलेली! इंजिनाला बोट लावलं, तर चटका बसला. मग डबीला लावलं...

गार. बर्फासारखी.

"हे कसं काय बुवा?" तो पुटपुटला. त्यानं डबी मुठीत धरली. हाताच्या उबेनं झडप हळूहळू उघडली. हात काढला. मिटली. पुन्हा धरली. उघडली...

तेवढ्यात हाताच्या पाठीवर गारवा आला. वारा नव्हता. त्या गारव्याला वजन होतं. एकेक बोट... कळत होतं.

कुणीतरी वरून हात ठेवला होता.

हात ओढला, निघेना. रस्त्यावर कुणी नाही. कुत्रंसुद्धा नाही.

का कुणास ठाऊक, त्याच्या तोंडून निघालं, "साहेब... विकायला नेतोय. बाईंना माहीत आहे."

हात आणखी दाबला गेला.

"माहीत... नाही?"

...

"परत नेतो. आत्ता. घरी."

हात सुटला. झडप उघडी होती.

कसाबसा फिल्टर बसवला. पहिल्याच चावीला गाडी चालू. वळवली. धूर नाही, आचका नाही. आरशात बघायची मात्र त्याची हिंमत झाली नाही.

बाई दारातच उभ्या होत्या. "अहो, आज मिळणार होती का गाडी? मुलगा म्हणाला, दुरुस्तीला आठवडा लागेल."

"वहिनी, ही विकायची आहे का?"

"विकायची? कोण म्हणालं?"

त्यानं सगळं सांगितलं. म्हणजे, मुलाचं तेवढं. बाई पायरीवर बसल्या. "मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाल्या.

त्यानं गाडी शेडमध्ये लावली, चावी त्यांच्या हातात दिली. निघताना आठवलं, टॉर्च आतच राहिला. परत गेला, गाडीचं दार उघडलं.

साडू माझा बुटका. ब्रेकला पाय पोचावा म्हणून सीट पार पुढे ओढून बसतो.

सीट मागे सरकलेली होती. शेवटपर्यंत. लांब पायांच्या माणसाला लागते तितकी.