ढगाखालचा लेयर

लेयर १

"दोनशे चौदा लेयर, आणि एकालाही नाव नाही! कुठल्या येड्याची फाइल आहे ही?"

"माझी," मागून आवाज आला. "कॉफी घेणार?"

दुन्याने जीभ चावली. वळून पाहिलं तर ओल्या केसांचा, लांब नाकाचा एक मुलगा, दोन हातांत दोन कप. नोवी साद शहरातल्या या गेम स्टुडिओत तिचा पहिला दिवस, पहिला तास... आणि पहिलीच शिवी नेमकी त्याच्याच तोंडावर!

"मी रास्तको. महिनाअखेर लिस्बनला चाललोय, नव्या नोकरीवर. हे किल्ल्याचं चित्र आता तुझं. जपून हं, दगड हळवे आहेत."

"दगड, की चित्रकार?"

"...दोघंही."

लेयर १ ची प्रत

ती सकाळी आठला येऊन एकला जायची, तो दुपारी बाराला यायचा. जेवणाचा तास तेवढा दोघांचा. बाकीच्या गाठीभेटी फाइलमध्ये. दुसऱ्याच्या रंगांना हात लावायचा नाही, वर नवा लेयर, म्हणजे काचेसारखा पारदर्शक थर, उघडायचा आणि लाल रंगात दुरुस्ती लिहायची, ही तिथली रीत.

तिने लिहिलं: घड्याळाचे काटे चुकलेत. मोठा काटा मिनिटांचा असतो, महाशय.

त्याने लिहिलं: निश शहरच्या पाहुण्याबाई, पुलावरून जाताना कधी मान वर केलीत का?

त्याच दुपारी, भुरभुर पावसात, तो तिला पुलावर घेऊन गेला. डॅन्यूब नदीपलीकडे खराखुरा किल्ला, मनोऱ्यावर घड्याळ. मोठा काटा तासाचा, छोटा मिनिटांचा.

"नावाड्यांना लांबून तास दिसावा म्हणून," तो म्हणाला. "मिनिटांची घाई कुणाला?"

"तुला. महिना संपत आलाय..."

 त्याच्या हातातली छत्री तिच्याकडे आणखी कलली.

"अरे, खांदा भिजतोय तुझा."

"दुसरा आहे की कोरडा."

ती हसली. "चूक शोधायला आपण चित्र आरशासारखं उलटं करून बघतो ना? काल तुझा फोटो तसा बघितला."

"बाप रे! मग? काय सापडलं?"

"नाक वाकडंय."

"आणि?"

"आणि काही नाही," असं म्हणून ती झपाझप पुढे निघाली. कारण उलटं केल्यावरही तो चेहरा तिला तितकाच आवडला होता... हे काय पुलावर उभं राहून सांगायचं असतं?

लेयर १ ची प्रत ची प्रत — बंद

बुधवारी सकाळी तिने किल्ल्यावरच्या आकाशात एक काळाकुट्ट ढग रंगवला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: *रास्तको, जाऊ नकोस ना.*

मग लेयरपुढचा, तो दाखवणारा-लपवणारा छोटासा डोळा तिने मिटला. अक्षरं गायब.

पुसवेना. दाखववेना.

नाव नसलेला

शुक्रवारी चित्र सगळ्यांपुढे भिंतीवरच्या पडद्यावर लागलं. स्टुडिओची मुख्य चित्रकार मिर्याना खुर्चीत रेलून म्हणाली, "कसं बांधलंत ते दाखव, दुन्या. उघड सगळे लेयर."

आणि दुन्याने, सवयीने, 'सगळे दाखवा' दाबलं.

काळा ढग. पांढरी अक्षरं. अकरा माणसं... आणि त्यातच तो!

कुणीतरी शिट्टी वाजवली. दुन्याने घाईघाईने ढगाचा डोळा मिटला. ढग गेला, आणि त्याच्या खाली, त्याच आकाशात, लाल रंगात:

*लिस्बनला जात नाहीये. का, ते विचारशील?*



रास्तकोचे कान लाल झाले होते. "काल आकाशाच्या लेयरला लागूनच लिहिलं," तो पुटपुटला. "पण... दाखवायचा धीर होईना. मीही बंद करून ठेवलं. वर तुझा ढग आहे हे मला तरी कुठे ठाऊक!"

दुन्याने सगळ्यांदेखत विचारलं, "का?"

"तुझ्यासाठी."

"अरे, मोठ्याने बोल की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तिच्यासाठी!"

"दोन्ही दुरुस्त्या मंजूर," मिर्याना हसत म्हणाली. "आता बंद करा बाई ते, मला किल्ला बघू द्या!"

पण दोनशेहून जास्त बिननावाच्या लेयरांत तो दुसरा छोटासा डोळा काही दुन्याला सापडेना. रास्तको उठून आला. तिच्या पेन धरलेल्या हातावर त्याने हात ठेवला आणि अलगद पुढे नेला. लाल अक्षरं गेली. उन्हातला किल्ला उरला.

हात मात्र कुणीच काढून घेतला नाही.