व्हरांड्याचं वळण

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

माझी मावसबहीण महेश्वरी पिंगळीजवळच्या एका गावात शिक्षिका होती. गावाचं नाव सांगत नाही, शाळा अजून चालू आहे. आणि रात्रीबित्रीचा यात संबंध नाही. जे घडलं ते शनिवारी, भर दुपारी.

आधी शाळा कशी होती ते सांगतो.

ओळीनं पाच खोल्या, पुढं लांब व्हरांडा. व्हरांड्याला लोखंडी जाळी आणि एकच सरकतं दार. सहाव्या, अडगळीच्या खोलीला सरळ जागा उरली नाही म्हणून ती काटकोनात बांधलेली. त्यामुळं व्हरांडा शेवटी आत वळायचा. त्या वळणात बसलेलं माणूस ना दारातून दिसायचं, ना कुठल्या वर्गातून, ना रस्त्यावरून.

महेश्वरीनं ती जागा बरोबर हेरली होती.

ऊस तोडायला गेलेल्यांची लेकरं मार्चमध्ये गावात परतायची. पाच-सहा महिने शाळा नाही, वाचायचं विसरलेली. तपासणीला साहेब आले की वर्गाची इज्जत जाणार. म्हणून ती त्यांना वळणापलीकडं बसवायची. बाकीच्यांना ताकीद होती, तिकडं जायचं नाही, बोलायचं नाही.

आणि त्या लेकरांना ताकीद होती... बाईंनी सांगितल्याशिवाय जागचं उठायचं नाही.

त्या वर्षी चौघं होती. तिघांनी आठवड्यात शाळा सोडली. नऊ वर्षांची पंचफुला तेवढी येत राहिली. आईबाप अजून उसाच्या फडावर होते, ती आजीकडं राहायची. पहिले दोन-तीन दिवस पोरी तिला लपून खुणा करायच्या. मग तेही थांबलं. जे दिसत नाही ते लेकरं लवकर विसरतात.

एप्रिलमधला शनिवार. सकाळची शाळा अकराला सुटली. महेश्वरीनं दारात उभं राहून व्हरांड्यावर नजर टाकली, कुलूप लावलं आणि स्कूटीवरून परभणी गाठली.

दीड वाजता पंचफुलाच्या आजीचा, चांगुणाबाईचा फोन आला.

"बाई, पंची घरी न्हाई आली. शाळंतच ऱ्हायली का, येऊन बगता का जरा?"

तेव्हा महेश्वरीला ते वळण आठवलं. आज आपण पोरीला उठायला सांगितलंच नाही, हेही आठवलं. पण बाहेर ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटावं.

"आजी, मी स्वतः बघून कुलूप लावलंय," ती म्हणाली. "मैत्रिणीकडं बसली असेल."

त्या पोरीला मैत्रीण नव्हती. का नव्हती, हे महेश्वरीइतकं कोणाला ठाऊक होतं?

म्हातारीनं जाळीला तोंड लावून हाका मारल्या. आतून काही आलं नाही. रविवारी गावानं विहिरी बघितल्या, रेल्वेचे रूळ बघितले.

सोमवारी दार उघडलं.

पंचफुला वळणात भिंतीला टेकून बसली होती. दप्तर भरून मांडीवर घेतलेलं.

डॉक्टर म्हणाले, उष्माघात. मुख्याध्यापक माणिकरावांनी लिहून दिलं, मुलगी आधीपासून आजारी होती. खाली महेश्वरीनं सही केली. सुट्टीत सहावी खोली पाडली. वळण गेलं. आता दारातून शेवटच्या टोकापर्यंत लख्ख दिसायचं.

जूनमध्ये शाळा भरली...

लेकरं गप्पा मारत व्हरांड्यातून यायची आणि त्या टोकाला आली की... गप्प. चार-पाच पावलं गप्प. मग पुन्हा बोलणं सुरू. विचारलं तर म्हणायची, "आमी कुठं गप होतो, मॅडम?"

एकदा खिचडीच्या वेळी कोकिळा नावाची मुलगी सापडेना. सगळं आवार पालथं घातलं. पंधरा मिनिटांनी ती दिसली... त्याच टोकाला, हातात ताट घेऊन, रडत.

"मी हितंच हाय की, मॅडम. तुमी दोनदा माझ्यापुढून गेलाव."

मग आला ऑगस्टमधला तो शनिवार.

शाळा सुटली होती. पर्स, मोबाईल ऑफिसात ठेवून महेश्वरी भिंतीवरचा तक्ता काढायला टोकाला गेली. तेवढ्यात माणिकराव कुलूप घेऊन दारात आले.

"सर, थांबा. मी आहे," ती म्हणाली.

त्यांनी सरळ तिच्याकडं बघितलं. नजर तिच्यावर थांबलीच नाही.

दार सरकलं. कुलूप लागलं.

तिनं पळायला पाय उचलू पाहिला... उचलेना. ती ओरडली. रस्त्यावरून पोरं चालली होती. एकानंही वळून बघितलं नाही.

बऱ्याच वेळानं जाळीपाशी चांगुणाबाई आली. त्या एप्रिलपासून ती दर शनिवारी यायची. तिनं आत बघितलं. नीट बघितलं.

"दिसायलाव मला तुमी, बाई."

महेश्वरीला रडू फुटलं. "आजी, सरांना बोलवा. कोणालाही बोलवा."

म्हातारीची नजर हळूहळू खाली गेली... महेश्वरीच्या कमरेएवढ्या उंचीवर, जरा बाजूला.

"पंचे," ती मायेनं म्हणाली, "बस बाईपाशी. मी सोमवारी येते."

आणि निघून गेली.

महेश्वरीचे यजमान, शिवप्रकाश भावजी, त्या रात्री शाळेवर जाऊन आले. जाळीतून बॅटरी मारून पूर्ण व्हरांडा बघितला. रिकामा होता.

ती सोमवारी सापडली. जिवंत. त्या दोन दिवसांत शेजारी कोण होतं, हे तिनं आजपर्यंत सांगितलेलं नाही. नोकरी सोडली.

मागच्या महिन्यात मी परभणीला तिच्या घरी गेलो. भावजींशी तासभर बोलत बसलो. मधे मी विचारलं, "ताई कुठं आहे?"

"आत असेल," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या समोरच्या खुर्चीतून आवाज आला... अगदी हळू.

"चहा गार झाला रे तुझा."

ती तिथंच बसली होती. कधीपासून, देव जाणे. चहा कोणी आणून ठेवला, तेही मला आठवेना.

तेव्हापासून तिचे फोन येतात.

मी उचलत नाही.