वादळाची ओळख करून देताना

दातांच्या दवाखान्यातली खुर्ची मागे झुकू लागली आणि त्या माणसाने घाबरून डॉक्टरचं मनगटच धरलं.

“आधीच सांगतो,” तो म्हणाला, “मला इंजेक्शनची भीती वाटते.”

डॉक्टरने आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे. हात कसला, पंजाच होता तो! सांध्यांवर घट्टे पडलेले. डाव्या भुवईतून जुन्या टाक्यांची बारीक रेघ गेलेली.

“हा दात हलला कशाने?”

“ठोसा बसला.”

“कोणाचा?”

“कामावर बसला… म्हणजे, तेच काम आहे माझं. व्यावसायिक बॉक्सर आहे मी.” मग जरा लाजून, “पोस्टरवर ‘वादळ’ म्हणून छापतात.”

डॉक्टरने घाईघाईने मास्क वर ओढला. पण डोळ्यांतलं हसू काही मास्कमागे लपेना.

“हसा, हसा,” तो म्हणाला. “पण इंजेक्शन हळू द्या.”

तिने हळू दिलं. त्याने डोळे मिटून घेतले, आणि मनगट मात्र सगळं उरकल्यावरच सोडलं. जाताना त्याने टेबलावर दोन पास ठेवले. “रविवारी रात्री लढत आहे. रिकाम्या खुर्च्यांपुढे लढून कंटाळलोय. तुम्ही आलात तर दोन तरी भरतील.”

डॉक्टर मावशीला घेऊन गेली. मावशीनेच तिला लहानाचं मोठं केलं होतं, आणि घरी बसून मावशीला करमत नसे. सभागृह भलंमोठं होतं आणि माणसं मूठभर. तासभर काहीच सुरू होईना. नुसतं कानठळ्या बसवणारं संगीत. मग निवेदकाने दोघांची वजनं पुटपुटली, घंटा वाजली आणि मारामारी सुरू झाली. वादळला ठोसा बसला की डॉक्टर डोळे मिटून घ्यायची. मावशी विणकाम घेऊन आली होती. निकाल लागेपर्यंत तिची एक बाही विणून झाली.

“चिमणे, जिंकलं कोण?”

“निळी चड्डी… म्हणजे आपला.”

“कशावरून?”

डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

पुढच्या भेटीत त्याला लढताना दातांवर बसवायचं नवं कवच करायचं होतं. तिने मापासाठी मऊ लगदा त्याच्या तोंडात बसवला आणि म्हणाली, “आता बोलायचं नाही, माप बिघडेल. मी बोलते, तुम्ही ऐका.”

त्याने भुवया उंचावल्या.

“तुमचा खेळ कंटाळवाणा नाहीये, पण तुम्ही लोक तो आमच्यापासून लपवून ठेवता. कोण पुढे आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. आमच्या मावशीने रात्री इतक्या उशिरापर्यंत का थांबायचं? लहान मुलांनी कसं यायचं? आणि ते ‘वादळ’! वादळाची कोणाला काळजी वाटते का हो? वादळ आलं की लोक खिडक्या लावून घेतात. इंजेक्शनला घाबरणारा माणूस रिंगणात उतरतो म्हटलं, तर मी पुन्हा येईन.”

त्याचे डोळे एकदम मोठे झाले.

“तुम्ही नाही म्हणालात तर नाही सांगणार कोणाला,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही… छान घाबरता.”

लगदा बाहेर निघाल्यावर तो बराच वेळ तोंड पुसत बसला. मग म्हणाला, “हे सगळं आमच्या आयोजकांना सांगाल?”

आयोजक म्हणजे थकलेला, जाडजूड, मनाने भला माणूस. सगळं आयुष्य त्याने बॉक्सिंगला दिलं होतं, आणि आता एक फर्निचरवाला ते सभागृह कायमचं मागत होता. त्याने डॉक्टरचं सगळं ऐकून घेतलं.

“बोलायला सोपं आहे, बाई. मी एक रविवार देतो. दुपारचा. पण माइक तुम्ही धरायचा.”

“मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!”

“येणाऱ्यांना तरी कुठे कळणार आहे?”

मग दवाखाना बंद झाला की ती व्यायामशाळेत जाऊ लागली. चामड्याचा, घामाचा, मलमाचा वास. दोरीवरच्या उड्यांचा सपसप आवाज. तो तिला एकेक गोष्ट दाखवायचा.

“मूठ अशी… नाही, अंगठा आत नको, मोडेल.” त्याने तिचा अंगठा अलगद बाहेर काढून बोटांवर ठेवला. आणि धरूनच ठेवला.

“झालं का?” तिने विचारलं.

“काय?”

“अंगठा.”

“हो, केव्हाच,” तो म्हणाला. सोडला मात्र नाही.

एकदा तिने विचारलं, “तुम्ही या वाटेला लागलात कसे?”

तो हातांवर पट्ट्या गुंडाळत राहिला. “शाळेत मी सगळ्यांत पळपुटा. मुलं मारायला आली की धूम ठोकायचो. एकदा पळता पळता इथे लपलो. बाहेरची पोरं निघून गेली… मी गेलोच नाही.”

“हे लोकांना सांगू?”

त्याने पट्टीचं टोक आत खोचलं. “सांगा,” म्हणाला. “तुम्ही सांगणार असाल तर सांगा.”

त्या रविवारी दुपारी सभागृह भरलं. काठोकाठ नव्हे, पण भरलं. डॉक्टरने माइक हातात घेतला. तिने वजनं सांगितलीच नाहीत. ‘हातोडा’ नावाचा प्रतिस्पर्धी एरवी शाळेची बस चालवतो आणि त्याच्या बसमधली पोरं वरच्या रांगेत बसलीत, हे सांगितलं. पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मग वादळची पळपुटेपणाची गोष्ट सांगितली. लोक हसले, आणि हसता हसता त्याच्याकडे नीट बघू लागले.

“ठोसा कोण मारतो तेवढंच बघू नका,” ती म्हणाली. “चुकवतो कोण, तेही बघा. प्रत्येक फेरीनंतर गुण त्या फळ्यावर लागतील. पटले नाहीत तर शेजाऱ्याशी भांडा.”

मावशी तर तिसऱ्या फेरीपासूनच भांडत होती. विणकाम पायाशी पडलं होतं.

डॉक्टर फेऱ्यांच्या मधल्या वेळातच बोलायची. घंटा वाजली की माइक बंद. पाचव्या फेरीत ती बंद करायला विसरली. हातोडाचा उजवा ठोसा आला, वादळचे गुडघे वाकले आणि तो खाली गेला. पंच दहापर्यंतचे आकडे मोजू लागला. एक… दोन…

“ऊठ ना रे,” ती म्हणाली.

ते साऱ्या सभागृहाने ऐकलं. भिंतींवरच्या कर्ण्यांतून तिचाच कापरा आवाज तिच्या कानांवर आला आणि ती लाजून लाल झाली. तेवढ्यात मावशी खुर्चीवरून उठून ओरडली, “ऊठ रे बाबा!” मग पलीकडची बाई. मग सगळेच. बसमधली पोरंसुद्धा!

आठच्या आकड्याला तो उभा राहिला. त्याने आधी पंचाकडे नाही, तिच्याकडे पाहिलं.

लढत शेवटपर्यंत गेली. निकालाची चिठ्ठी डॉक्टरच्या हातात आली. तिने ती वाचली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “विजेता… हातोडा.”

टाळ्या दोघांनाही पडल्या. घरी जायला कोणी उठेना. लोक रिंगणाभोवती गोळा झाले, हात मिळवू लागले, ‘पुन्हा कधी?’ विचारू लागले. आयोजक कोपऱ्यात जाऊन नाक पुसत होता. फर्निचरवाल्याला त्याने तिथूनच फोन लावला आणि जागा देणार नाही म्हणून सांगितलं.

गर्दी पांगल्यावर वादळ रिंगणाच्या कडेला बर्फाची पिशवी भुवईला लावून बसला होता. ती शेजारी जाऊन बसली.

“हरलो,” तो म्हणाला.

“माहीत आहे. मीच सांगितलं सगळ्यांना.”

“मघाशी मला अरे-तुरे केलंत.”

“घाईत… निघून गेलं तोंडातून.”

“मग आता सावकाश म्हणा.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. ओठ सुजला होता, एक डोळा मिटत चालला होता, आणि उरलेला डोळा अगदी आशेने तिच्याकडे बघत होता.

“ऐक,” ती म्हणाली. “मला तू आवडतोस. तुला लागलं की मला सहन होत नाही, आणि तरी मी येणार. डोळे उघडे ठेवून बघणार. पण ते मला आवडेल अशी आशा धरू नकोस.”

“नाही धरत,” तो म्हणाला. “बाकीची धरू?”

“धर.”

त्याने बर्फाची पिशवी खाली ठेवली आणि तिचा हात हातात घेतला. त्याची बोटं गारठली होती. तिने ती आपल्या दोन्ही तळव्यांत झाकून घेतली.

“मावशींना घरी सोडायचं ना?”

“मावशी गेली. हातोडाच्या बसमधून! पोरांबरोबर गाणी म्हणत.”

दोघं पायीच निघाले. उन्हं कलली होती, दुकानांची दारं उघडी होती. चौकात एक बाई मुलाचा हात धरून थांबली होती. त्याला बघून ती पुढे आली.

“अहो, भुवई कशी आहे आता? आम्ही होतो ना दुपारी. जीव नुसता टांगणीला लागला होता.”

“बरी आहे,” तो म्हणाला, आणि शेजारी पाहून गडबडला. “ही… ही माझी…”

डॉक्टर म्हणावं, की निवेदिका, की आणखी काही… त्याला काही सुचेना. ती बाई हसू दाबत थांबली.

“बास की,” डॉक्टर म्हणाली आणि त्याच्या दंडाला बिलगली. “एवढंच सांग.”