पाण्यात पाय रोवलेली झाडं

शिरगावच्या पलीकडच्या गावात, बंद खदानीत एक तरणाबांड माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून मेलेल्या रोपांशी बोलत होता. चांगुणा चुकलेली शेळी शोधत आली होती, ती शेळीच विसरली. एवढा देखणा माणूस आणि डोक्यानं गेलेला, असं मनाशी म्हणाली.

तो श्रीपाद. अंबरनाथचा, वनीकरणाचा सुपरवायझर. दगड काढून झाल्यावर उरलेल्या खड्ड्यात जंगल उभं करायचं काम त्याच्या गळ्यात पडलेलं. त्यानं भर उन्हाळ्यात टेपनं अंतर मोजून पाचशे सुबाभळी तळाशी लावल्या. पावसात खदान भरते, हे कुणी सांगितलं नाही; त्यानंही विचारलं नाही.

“भात लावलंय का कधी, साहेब?” तिनं काठावरून विचारलं.

“नाही…”

“दिसतंय.”

दुसऱ्या दिवशी पदर खोचून तीच खाली उतरली. पाणी उपसायचं नाही, त्यात पाय भिजवून जगणारी झाडं आणायची, असं तिनं बजावलं. करंज, जांभूळ, काठाला निवर. गावच्या बायांनी चिखलाचे उंचवटे केले आणि लावणीसारखी ओळीनं आठशे रोपं रोवली. साहेब दोनदा चिखलात आपटले. ती हसायचं नाही, नाही म्हणता हसलीच — आणि तो तिसऱ्यांदा मुद्दाम आपटला.

वर्षभरात पाणकोंबड्या आल्या. गावच्या विहिरीला चैत्रातही पाणी राहिलं. साहेबांचं झाडांकडे लक्ष जरा कमीच असायचं. ते कुठं असायचं हे गावाला कळलं होतं, चांगुणाला तर केव्हाच.

मेख एकच होती. दुसरा पावसाळा सरला की रोपांची मोजणी. निम्म्याहून जास्त जगली तर जागा कायमची जंगलाची, आणि श्रीपादची बदली लांब मुरबाडच्या पुढं. कमी भरली तर तो आणखी वर्षभर इथंच. पण खदानवाला जागा परत मागायला टपून बसलेला.

मोजणीच्या दिवशी तो सांगत गेला, ती वहीत रेघा ओढत गेली. चौथ्या ओळीतलं हिरवंगार जांभूळ त्यानं मेलेलं सांगितलं. मग एक करंज. मग आणखी एक. तिची पेन्सिल थांबली.

“पालवी दिसत नाय का तुमाला?”

“दिसते गं… एक वर्ष मिळेल मला.”

 तिला गोड वाटलं, खोटं कशाला बोला. तोही तिला तेवढाच हवा होता.

“माज्यापायी परत सुरुंग लावनार काय हितं?” ती हळूच म्हणाली. “जिती हायत ती जिती सांगा.”

तो पहिल्या ओळीपासून पुन्हा मोजत आला. चारशे बारा जगली होती. त्यानं सही केली. जागा वाचली, आणि आठवड्यात बदलीचा कागद आला.

निघायच्या दिवशी त्यानं काठावर वीतभर उंबर लावला. लग्नाच्या मांडवाला उंबराची डहाळी लागते आणि गावातले उंबर खदानीनं खाल्ले, हे त्याला बायांकडून कळलं होतं.

“डहाळी तोडण्याएवढा कधी होईल?” त्यानं विचारलं.

“पाच-सा वरसं तरी.”

“मी थांबेन… तू थांबशील?”

चांगुणानं त्या रोपाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

“नाय,” ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला, तो तिनं क्षणभर पडू दिला. “तिकडं शिरगावला माज्या मामाच्या दारात मोठा उंबर हाय. या सालाला डहाळी तिथनं आनू.”